हिवतापापासून डेंग्यूपर्यंत : आपला किनारा आणि डास

आपल्या सोसायटीच्या सभावृत्तांताच्या जुन्या वह्या मी या उन्हाळ्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या. बँकेत उभा जन्म रजिस्टरे चाळण्यात गेला असल्यामुळे स्मरणिका समितीने हे काम माझ्या गळ्यात घातले. पंचवीस वर्षांत पार्किंग आणि पाणी यांच्या खालोखाल सर्वात जास्त वेळा कोणता विषय आला असेल, तर तो डासांचा. दर जुलै-ऑगस्टला तोच ठराव, जवळजवळ त्याच शब्दांत: आवारात डासांचा प्रादुर्भाव वाढला आहे, तरी कमिटीने योग्य ती कार्यवाही करावी. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. कार्यवाही म्हणजे नगरपरिषदेला अर्ज आणि मग धुराची फवारणी. धूर विरला की विषय पुढच्या जुलैपर्यंत बंद.

गेल्या पावसाळ्यात मात्र तो बंद झाला नाही. बी विंगमधली आपली एक शाळकरी मुलगी डेंग्यूने गोव्याला बांबोळीत सहा दिवस होती, त्यातले दोन दिवस अतिदक्षता विभागात. पोर सुखरूप घरी आली, रवळनाथाची कृपा. पण येत्या सर्वसाधारण सभेपुढे आता दोन सूचना आहेत. सोसायटीने स्वतःचे धूर फवारणीचे यंत्र विकत घ्यावे ही एक, आणि तेच पैसे टाक्यांची झाकणे, पाइपांच्या जाळ्या आणि गच्चीचा उतार यांवर घालावेत ही दुसरी. दोन्ही बाजू तावातावाने बोलत आहेत. माझे मत मी लपवणार नाही. पण हा वाद आपल्या सोसायटीपेक्षा फार जुना आहे, म्हणून आधी तो इतिहास सांगतो.

आपल्याकडे मलेरियाला हिवताप म्हणतात. हीव म्हणजे थंडी. जुनी माणसे ‘हीव भरला’ म्हणत आणि घरातल्या सगळ्या गोधड्या त्या माणसावर टाकत. दिवसाआड येणारा, दोन दिवस सोडून येणारा, असे त्याचे प्रकार वैद्यांना पक्के माहीत होते. तृतीयक, चतुर्थक ही नावे जुनी आहेत. सुश्रुतसंहितेत तर डासांच्या पाच जाती दिल्या आहेत आणि त्यांतली पहिली आहे ‘सामुद्र’, म्हणजे समुद्राकाठची! मालवणकरांनी याचा अभिमान बाळगावा की काय, ते ज्याचे त्याने ठरवावे. पण ताप आणि डास यांची गाठ काही बसलेली नव्हती. युरोपातही नव्हती. ‘मलेरिया’ हा शब्दच मुळी इटालियन, अर्थ ‘वाईट हवा’. दलदलीवरून येणारी कुंद हवा बाधते अशी समजूत, त्यामुळे संध्याकाळी खिडक्या लावून घेत. गंमत म्हणजे समजूत चुकीची असली तरी उपाय थोडाफार लागू पडे, कारण डासही त्याच वेळी आत येत.

या ‘वाईट हवे’ने आपल्या शेजारी एक अख्खे शहर बसवले. जुने गोवे हे पूर्वेकडचे केवढे वैभवशाली शहर. पण तापाच्या आणि पटकीच्या साथींनी ते पोखरले गेले. पोर्तुगीज व्हाइसरॉयने १७५९ मध्ये मुक्काम पणजीला हलवला आणि १८४३ मध्ये राजधानी अधिकृतपणे तिथे गेली. आज आपण जुन्या गोव्यात चर्च बघायला जातो तेव्हा आजूबाजूला वस्ती का नाही, असा प्रश्न मुले विचारतात. त्याच्या उत्तरात या तापांचा वाटा मोठा आहे.

डासाला पहिल्यांदा पकडले ते हिवतापासाठी नव्हे, हत्तीरोगासाठी. पॅट्रिक मॅन्सन नावाचा स्कॉटिश डॉक्टर चीनमध्ये अमॉय बंदरात नोकरीला होता. हत्तीरोगाचे सूक्ष्म जंतू डासाच्या पोटात जाऊन वाढतात, हे त्याने १८७७ मध्ये दाखवले. आपल्याला हा रोग परका नाही. सिंधुदुर्ग हत्तीरोगाच्या जिल्ह्यांत मोडतो आणि माझ्या लहानपणी पाय सुजून खांबासारखा झालेली माणसे बाजारात सहज दिसत. त्यांना लोक नावे ठेवत, पूर्वजन्मीचे पाप वगैरे म्हणत. मुलीच्या स्थळाची चौकशी करताना ‘त्यांच्या घरात पाय आहे का’ असे हळूच विचारले जाई. हे जंतू रक्तात रात्रीच वर येतात, म्हणून आरोग्य खात्याचे लोक रात्री आठनंतर कंदील घेऊन रक्त घ्यायला फिरत. ‘हे दिवसा का येत नाहीत’ म्हणून लोक संशयाने दारे लावत. हत्तीरोगाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५५ मध्ये सुरू झाला, आणि २००४ पासून वर्षातून एकदा सगळ्यांनी एकदम गोळ्या घ्यायच्या अशी पद्धत आली. हा डास क्युलेक्स जातीचा, घाण पाण्यात, गटारात आणि सेप्टिक टाकीत होतो. रात्री कानाशी भुणभुण करतो तो बहुधा हाच.

हिवतापाचा छडा लागला तो आपल्या देशात. रोनाल्ड रॉस अल्मोड्याला १८५७ मध्ये जन्मलेला, सैन्यातला डॉक्टर. सिकंदराबादला तो हुसेन खान नावाच्या रुग्णाला मच्छरदाणीत बसवून डास चाववून घेई आणि दर डासामागे एक आणा देई. दहा डासांचे दहा आणे! २० ऑगस्ट १८९७ रोजी अशा एका डासाच्या पोटात त्याला हिवतापाचे जंतू दिसले. पुढच्या वर्षी कलकत्त्याला पक्ष्यांवर प्रयोग करून त्याने सगळे चक्र पूर्ण जुळवले आणि १९०२ मध्ये त्याला नोबेल मिळाले. २० ऑगस्ट हा जागतिक डास दिन म्हणून पाळतात. हुसेन खानाचे आणे मात्र तेवढेच राहिले.

कळले म्हणजे संपले असे थोडेच असते? खरी कसोटी मुंबईत लागली, आणि मुंबई म्हणजे आपले दुसरे घर. त्या काळात मालवण, वेंगुर्ले, देवगडचे किती चाकरमानी गिरणगावात राहत! मनीऑर्डरबरोबर ताप घेऊन गावी येणारेही त्यांच्यात असत. सरकारने डॉ. बेंटली यांना मुंबईच्या हिवतापाची चौकशी करायला नेमले. त्यांचा अहवाल १९११ चा. त्यांना दलदल शोधायची होती, पण सापडल्या विहिरी. घराघरांच्या, वाड्यांच्या, देवळांच्या, अग्यारींच्या विहिरींत अॅनॉफिलीस स्टीफेन्साय हा डास स्वच्छ पाण्यात सुखाने वाढत होता. विहार तलावाचे नळाचे पाणी १८६० पासून शहरात आलेले होते, तेव्हा विहिरी बुजवा नाहीतर घट्ट बंद करा, असा त्यांचा सल्ला.

आणि मग वाद पेटला. पारशी मंडळींना धर्मकार्याला विहिरीचेच पाणी लागे आणि त्याला सूर्यप्रकाश लागावा असे त्यांचे म्हणणे. जैन म्हणाले, पाण्यातल्या जीवांची हत्या नको. आपल्या लोकांची जलदेवता. अधिकारी म्हणाले, डास सगळ्यांना सारखाच चावतो. शेवटी तडजोड निघाली: विहिरीवर फळ्यांचे घट्ट झाकण, आणि पाणी काढायला त्यात बारीक तारेच्या जाळीची झडप. भावना सांभाळल्या आणि डासही अडला. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. शंभर वर्षांपूर्वी ज्या माणसाने जाळीची झडप सुचवली असेल, तो आपल्या कमिटीवर असता तर बरे झाले असते.

विहिरीचा विषय निघाला म्हणून सांगतो. आपला सिंधुदुर्ग किल्ला भर समुद्रात, पण आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. मालवणात बाव नाही असे जुने घर नाही. आपल्या आवारातली बावही बिल्डरने नव्हे, मूळ घरमालकाच्या आजोबांनी खोदलेली. बाव वापरात असेपर्यंत रोज पाणी उपसले जाई, राजू-कळशीने ते सतत हलत राही, त्यात मासे असत. पंप आणि नळ आल्यावर बावी सांदीकोपऱ्यात पडल्या. पडीक विहीर आणि डासाचे कारखाने यांत फारसा फरक नाही.

आता डीडीटी. हा आमच्या पिढीच्या आठवणीतला भाग. स्विस शास्त्रज्ञ पाउल म्युलर याने १९३९ मध्ये डीडीटीचा कीटकनाशक गुण शोधला, त्याला १९४८ मध्ये नोबेल मिळाले. महायुद्ध संपल्यावर ही पावडर खेड्यापाड्यातल्या हिवतापावर चालेल का, हे हिंदुस्थानात ज्या ठिकाणी मोठ्या प्रमाणावर पाहिले गेले, त्यांतले एक आपल्या अगदी जवळचे आहे: मुंबई प्रांतातले कारवार आणि धारवाड जिल्हे, साल १९४६. हे काम डॉ. डी. के. विश्वनाथन आणि टी. रामचंद्र राव यांचे. सह्याद्रीच्या पायथ्याशी स्वच्छ, संथ वाहणाऱ्या ओहोळांत होणारा फ्लुव्हिएटिलिस डास तिथे हिवताप पसरवत होता. आपल्या घाटाखालच्या गावांतही निसर्ग तोच, म्हणून किनाऱ्यापेक्षा घाटाखाली हीव जास्त. डॉक्टर शाळेत जाऊन मुलांना रांगेत उभे करत आणि डाव्या बरगडीखाली बोटांनी पानथरी वाढली आहे का ते चाचपत. शंभरातल्या किती मुलांची पानथरी हाताला लागते, त्यावरून गावातल्या हिवतापाचा अंदाज येई.

फवारणीमागची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. हिवतापाचा डास चावून झाल्यावर जड होतो आणि जवळच्या भिंतीवर विसावतो. त्या भिंतीवर डीडीटी असेल तर तो मरतो. जंतू डासाच्या पोटात पक्व व्हायला दहा-बारा दिवस लागतात. तेवढे आयुष्य त्याला मिळालेच नाही, तर तो दुसऱ्याला ताप देऊ शकत नाही. म्हणजे चावणे थांबवायचे नाही, साखळी तोडायची. कारवार-धारवाडचा अनुभव इतका चांगला आला की पुढे तीच पद्धत सगळीकडे गेली. एप्रिल १९५३ मध्ये राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्या वेळचा अंदाज असा की देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होतो आणि आठ लाख मरतात. हे आकडे मी पुन्हा तपासून घेतले.

मला आठवतात ते खाकी कपड्यातले फवारणीवाले. ते यायचे म्हणजे घरात लगीनघाई. भांडीकुंडी, अंथरुणे, भाताची कणगी झाकून किंवा उचलून खळ्यात, म्हातारीला माडाच्या सावलीत बसवायचे, आणि पंपाची फुसफुस सुरू. भिंतींवर पांढरे पट्टे उमटत आणि घराला आठ-पंधरा दिवस एक उग्र वास राही. जाताना दाराजवळ तारीख लिहून जात. सुरुवातीला लोक त्यांचे स्वागत करत, पण डासांसाठी नव्हे, ढेकणांसाठी! पहिल्या फवारणीत ढेकूण साफ मेले. दोन-चार वर्षांनी ढेकणांना डीडीटीची सवय झाली आणि ‘कशाला भिंती घाण करतास, ढेकूण तर मरनत नाय’ असे लोक तोंडावर सांगू लागले. आणखी एक गोष्ट कोणत्याही सरकारी कागदात मी वाचलेली नाही, पण इथल्या प्रत्येक म्हातारीला माहीत आहे. फवारणी पावसाळ्यात, आणि मागोमाग गणपती. गणपतीला भिंती सारवायच्या, चुना काढायचा, माटवी सजवायची. म्हणजे सरकारने उडवलेल्या औषधावर आम्ही शेण आणि चुन्याचा नवा थर देत होतो. देव घरात यायचा तर घर नको का स्वच्छ?

तरीही यश जबरदस्त होते. १९५८ मध्ये ‘नियंत्रण’ शब्द काढून ‘निर्मूलन’ शब्द घातला गेला. दर पंधरवड्याला कर्मचारी घरी येऊन विचारी, ‘ताप इलो काय कोणाक?’ असेल तर बोटाला सुई टोचून काचेवर रक्त घेई आणि गोळ्या देई. १९६५ मध्ये देशात रुग्ण सुमारे एक लाख आणि मृत्यू एकही नोंदला गेला नाही. साडेसात कोटींवरून एक लाख! बँकेच्या भाषेत सांगायचे तर वसुली ९९ टक्क्यांच्या वर. आणि इथेच आपण झोपलो. निर्मूलन झाले असे मानून माणसे कमी केली, युद्धे आली, तेलाचे भाव भडकले, डीडीटी वेळेवर मिळेना, डासांनाही त्याची सवय झाली. १९७६ मध्ये रुग्ण चौसष्ट लाखांच्या वर गेले. दुसऱ्या वर्षी सरकारने सुधारित योजना आणली, ‘निर्मूलन’ हा शब्द हळूहळू मागे पडला आणि आता नव्या रूपात २०३० हे साल ठरले आहे. थकीत कर्जाचे खाते एकदा नियमित झाले म्हणून पाठपुरावा सोडला की काय होते, ते आमच्या व्यवसायातल्या कोणालाही विचारा.

हिवताप असा चढउतार करत असताना दुसरा एक डास शहरांतून हातपाय पसरत होता. एडिस. काळा, पायांवर पांढरे पट्टे, म्हणून काही लोक त्याला वाघडास म्हणतात. हा गटारातला नव्हे. त्याला स्वच्छ साठलेले पाणी लागते, तेही घराजवळचे. आणि हा चावतो दिवसा, विशेषतः सकाळी आणि संध्याकाळच्या आधी. डेंग्यूचा विषाणू कलकत्त्याच्या नमुन्यांतून चाळीसच्या दशकातच वेगळा काढला गेला होता. पण सामान्य माणसाला डेंग्यू कळला तो १९९६ च्या दिल्लीच्या साथीने. दहा हजारांवर रुग्ण आणि चारशेवर मृत्यू.

चिकुनगुन्याची कथा आपल्या राज्याशी जास्त निगडित आहे. हा शब्द आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेतला, अर्थ साधारण ‘वाकवून टाकणारा’. १९५२-५३ मध्ये टांगानिकात तो ओळखला गेला. १९६३ मध्ये कलकत्त्याला आला, पुढच्या वर्षी मद्रासला, आणि १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला. पुण्याच्या विषाणू संस्थेने (१९५२ मध्ये स्थापन झालेली, आज आपण तिला एनआयव्ही म्हणतो) त्या साथीचा अभ्यास केला. त्यानंतर हा रोग देशातून जणू नाहीसा झाला. तब्बल बत्तीस वर्षांनी, २००५ च्या अखेरीस परतला, आणि २००६ मध्ये देशभरात संशयित रुग्णांची संख्या तेरा लाखांच्या पुढे गेली.

त्या काळात मी जिल्ह्यातल्याच एका शाखेत होतो. एक निवृत्त शिक्षक पेन्शन काढायला आले. स्लिपवरची सही नमुना सहीशी जुळेना, म्हणून कॅशियरने त्यांना माझ्याकडे पाठवले. चाळीस वर्षे फळ्यावर मोत्यासारखे अक्षर काढलेला माणूस. त्यांनी काही न बोलता दोन्ही हात टेबलावर ठेवले. बोटांचे सांधे सुपारीएवढे सुजलेले, पेन धरवत नव्हते. त्या महिन्यात अशा चार-पाच नव्या नमुना सह्या आम्ही घेतल्या. मासे विकणाऱ्या एका बाईचे छोटे कर्ज होते, हप्ता कधी चुकला नव्हता. विळीवर मासा धरता येईना म्हणून तिचा तीन महिने धंदा बंद. साथीत माणसे मरत नाहीत म्हणून ती हलकी, असे वर्तमानपत्रात लिहिणाऱ्यांनी तिच्या दारात जाऊन यायला हवे होते. आणि तेव्हाची गंमत म्हणजे, ‘चिकन’ शब्द ऐकून बऱ्याच घरांत कोंबडी बंद झाली होती. मालवणात कोंबडीवडे बंद! कोंबडीचा आणि या रोगाचा काही संबंध नाही, हे सांगून सांगून डॉक्टर थकले.

डास ओळखायचा तर इमारतींचाही इतिहास पाहायला हवा. ऐंशीच्या दशकात पणजीत आणि पुढे कांदोळीच्या बाजूला बांधकामांचा धडाका लागला. परप्रांतातून मजूर आले, त्यांच्यातल्या काहींच्या रक्तात हिवताप होता. आणि ओल्या स्लॅबवर, क्युरिंगच्या पाण्यात, टाक्यांत, तळघरांत मुंबईच्या विहिरींतला तोच स्टीफेन्साय तयार बसला होता. जंतू आणि डास एका छताखाली आले. गोव्यात बांधकाम मजुरांची रक्ततपासणी आणि आरोग्य कार्ड यांचा नियम झाला तो या अनुभवातून. तिथे शास्त्रज्ञांनी टाक्यांतून अळीनाशक जिवाणू आणि विहिरींतून मासे वापरून पाहिले. आज मालवण, कुडाळ, सावंतवाडीत ज्या वेगाने इमारती उठत आहेत ते पाहता आपल्या समोरच्या प्लॉटवरच्या कामाकडे मी काळजीने पाहतो. तिथल्या कामगारांना दोष देण्यात अर्थ नाही. पाणी साठवते कोण आणि मच्छरदाणी देत नाही कोण, ते पाहावे.

माकडतापाबद्दल लोक विचारतात म्हणून एवढेच: तो डासाचा नव्हे, जंगलातल्या गोचिडीचा. १९५७ मध्ये शिमोग्याजवळच्या क्यासानूर जंगलात सापडलेला हा रोग २०१६ मध्ये आपल्या दोडामार्ग तालुक्यात केर गावी आणि पुढे बांदा परिसरात आला. काजूच्या बागेत, रानात जाणाऱ्यांनी काळजी घ्यायची. लेप्टोही डासाचा नाही, तो उंदराच्या मुतातून, चिखलाच्या पाण्यातून येतो. पावसाळी ताप अंगावर काढू नये याचे हेही कारण. दिसायला सगळे सारखेच. आणि झिका हा पाहुणा पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यात बेलसर गावी जुलै २०२१ मध्ये महाराष्ट्रात पहिल्यांदा सापडला. त्याचाही डास एडिसच. गरोदर बाईला तो झाला तर पोटातल्या बाळाला धोका, म्हणून अशा सुना-मुलींनी दिवसाही अंगभर कपडे, डासाचे मलम आणि दुपारच्या झोपेला मच्छरदाणी सोडू नये. तान्ह्या बाळाला मलम लावायचे नाही, त्याला जाळीच.

आता सभेपुढच्या विषयाकडे येतो. धुराची फवारणी उडणाऱ्या डासाला मारते, तीही तो धूर अंगावर आला तर. एडिस आपल्या कपाटामागे, पडद्याच्या घडीत, पलंगाखाली बसतो. आवारात धूर झाला की आपण दारे-खिडक्या लावतो, म्हणजे त्याला आपणच आसरा देतो. पाण्यातल्या अळीला धुराने काही होत नाही. आठवड्या-दीड आठवड्यात अंड्याचा डास तयार होतो. साथ चालू असताना रुग्णाच्या घराभोवती धूर मारणे निराळे, त्याला माझा विरोध नाही. पण यंत्र विकत घेऊन दर रविवारी धूर काढणे म्हणजे खर्च दिसतो आणि काम होत नाही. शिवाय दम्याचे चार सभासद आपल्यात आहेत. एडिस फार लांब उडत नाही, शे-दोनशे मीटर. तेव्हा बी विंगमधल्या त्या मुलीला चावलेला डास बहुधा आपल्याच आवारात जन्मलेला होता.

तो कुठे, हे पाहायला मी गेल्या ऑगस्टमध्ये आशाताई आणि आरोग्य सेवकांबरोबर दोन्ही विंग फिरलो. गच्चीवर दोन टाक्यांची झाकणे वाऱ्याने उडालेली. पावसाळ्यासाठी बांधलेल्या प्लास्टिकच्या घडीत पाणी. मागच्या बाजूला सोललेल्या शहाळ्यांच्या करट्या, पोफळीच्या गळलेल्या विऱ्या, एक स्कूटरचा टायर. घराघरांत कुंड्यांखालच्या ताटल्या, मनीप्लांटच्या बाटल्या, फ्रिजमागचा ट्रे. बंदरावर जाल तर होड्यांच्या कडेला बांधलेले टायर आणि किनाऱ्यावर पालथ्या न घातलेल्या पाती. पण सगळ्यात जास्त अळ्या कुठे असतील याचा अंदाज कोणाला आला नसता: बंद फ्लॅटमध्ये. आपले नऊ फ्लॅट मुंबईकर सभासदांचे. गणपती झाले की कुलूप, ते थेट मे महिन्यात उघडायचे. एका फ्लॅटची चावी वॉचमनकडे होती म्हणून उघडता आला. फ्लशच्या टाकीत आणि बाल्कनीतल्या बादलीत अळ्या वळवळत होत्या. एडिसची अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात, पुन्हा पाणी मिळाले की फुटतात. तेव्हा नुसते पाणी ओतून चालत नाही, भांडे घासावेही लागते.

मुंबईकर सभासदांना म्हणून विनंती: जाताना फ्लशची टाकी रिकामी करा, कमोडचे झाकण पाडून त्यावर प्लास्टिक घट्ट बांधा, बादल्या पालथ्या घाला, आणि एक चावी कमिटीकडे ठेवा. चावी द्यायला संकोच वाटत असेल तर नातेवाइकाकडे ठेवा, पण गावातच. इथे राहणाऱ्यांनी आठवड्यातला एक कोरडा दिवस धरायचा. आपल्याकडे सोमवार बाजाराचा, म्हणून रविवार बरा. सेप्टिक टाकीच्या हवेच्या पाइपांना जाळी बांधायला माणशी चहाच्या पैशांएवढाही खर्च येत नाही. ताप आला तर पॅरासिटामॉलशिवाय दुसरी अंगदुखीची गोळी मनाने घेऊ नका, अ‍ॅस्पिरिन तर नकोच, डेंग्यूत रक्तस्राव होऊ शकतो. ताप उतरला आणि पोटात दुखू लागले, उलट्या झाल्या, तर ‘आता बरे झाले’ म्हणून थांबू नका. त्या मुलीचे नेमके तिथेच बिघडले होते.

आवारातल्या बावीत आपण या जूनमध्ये जिल्हा हिवताप कार्यालयाकडून आणलेले गप्पी मासे सोडले आहेत. ते आता चांगले वाढले आहेत. संध्याकाळी मुले आणि काही आजोबा त्यांना भात आणि कुरमुरे टाकतात. तो टाकू नये, पोट भरलेला गप्पी अळ्या खात नाही. बावीच्या कठड्यावर तशी पाटी लावली आहे. मुलांनी ती वाचली आणि टाकणे बंद केले. आजोबांशी मी बोलतो आहे.